पहिली ओळ

सोमवार, ४ फेब्रुवारी

दवाखान्यात पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या, वाचेच्या बाईंनी हे लिहायला लावलंय. "दिवसभरात तुमच्या मिसेस काय काय बोलल्या ते रोज लिहून ठेवत जा, म्हणजे आपल्याला प्रगती कळेल," असं म्हणाल्या. तर आजची प्रगती अशी. सकाळी उठवलं तेव्हा "तेच". चहा दिला तेव्हा "तेच". अंघोळीला नेताना "तेच, तेच". संध्याकाळी खिडकी लावली तेव्हा जरा मोठ्याने "तेच". झालं. एवढ्यासाठी आख्खी डायरी कशाला लागते, कोण जाणे.

माझ्या बायकोला झटका आला त्याला आता तीन महिने होतील. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालते, आणि वाचा गेली. "तेच" हा एकच शब्द का राहिला, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. भूक लागली तरी तेच, नको असलं तरी तेच, माझा राग आला तरी तेच. हिच्या तोंडाच्या पट्ट्याला मी वर्षानुवर्षं वैतागलेला माणूस. आता तो पट्टा परत चालू व्हावा म्हणून मी काय वाट्टेल ते करीन.

आणि गाणं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाजवायला काही नाही, पेटी नाही की काही नाही. रिवाज असा आहे की गीताची पहिली ओळ एकाच माणसाने बसल्या जागेवरून उचलायची, आणि दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी उभं राहून साथ द्यायची. ती पहिली ओळ हिची होती. हिच्या आधी हिच्या आईची. मी शेजारी बसायचो आणि दुसऱ्या ओळीपासून बेसूर व्हायचो, की हिचं उजवं कोपर माझ्या बरगडीत. माझा आवाज म्हणजे तेल न घातलेलं दार आहे, असं ती चारचौघांत सांगायची.

ज्याच्यासाठी आयुष्यभर गायली, त्याला घ्यायला हिचा आवाजच सापडला. मी त्याच्याशी भांडत नाही. भांडण करायला बोलावं लागतं. मी अबोला धरलाय. प्रार्थना बंद, उपासना बंद, जेवणाआधीचे आभार बंद. कळू दे जरा.

बुधवार, ६ फेब्रुवारी

मंडळीतल्या बायका येऊन गेल्या. धीर द्यायला. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणाली, "प्रभू झेपेल तेवढंच ओझं देतो." मी म्हटलं, "बाई, मी लिफ्ट दुरुस्त करतो. झेपेल तेवढं ओझं किती, हे आत पाटीवर लिहिलेलं असतं. माझ्या अंगावर कुठे पाटी दिसतेय का?" दुसरी म्हणाली, "मिस्त्री, धीर धरा." मी विचारलं, कुठे धरू? दोरखंड असता तर धरला असता.

तिसरी जरा जास्तच शहाणी. ती हिचा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, सगळं त्याच्याच इच्छेने होतं ना?" ही म्हणाली, "तेच." मग काय, तिघींच्या डोळ्यांत पाणी. "बघा, किती विश्वास," म्हणे. मी हिचा चेहरा बघत होतो. लग्न झाल्यापासून तो चेहरा ओळखतो मी. त्या "तेच"चा अर्थ होता, बाई, तू आता घरी जा.

त्या गेल्यावर मी दारावर पाटी लावली: 'आराम चालू आहे. भेटायला येऊ नये.' हिच्या उशाशी गीतांचं पुस्तक असायचं, तेही उचललं आणि कपाटावर औषधांच्या डब्यामागे टाकलं. जे करता येत नाही ते डोळ्यांसमोर कशाला? जखमेवर मीठ चोळण्यातला प्रकार.

आजचे शब्द: तेच.

रविवार, १० फेब्रुवारी

आज हिने सकाळपासून डोकं खाल्लं. साधा गाऊन घालायला गेलो तर ढकलून दिला. डाव्या हाताने कपाटातली निळी साडी दाखवली. नेसवली, जमेल तशी. मग केस विंचरून घेतले, चपला मागितल्या आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून राहिली. मी म्हटलं, "अगं, आज दवाखाना नाही. आज रविवार." तर "तेच, तेच" करत मान हलवायला लागली. वारांचा गोंधळ होतोय बहुतेक. बाईंना विचारायला हवं.

मग कपाटावर बोट. औषधाचा डबा काढून दिला. तिने तो जमिनीवर आपटला. सगळ्या गोळ्या घरभर. मी गुडघ्यावर बसून गोळ्या वेचत होतो आणि ही वरून "तेच" म्हणत होती, रागाने. मलाही राग आला. मी म्हटलं, "औषध नको तर मागतेस कशाला?" मग दोघंही तोंड फिरवून बसलो. दुपारपर्यंत ती साडी काढू देईना.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

कामावर आज एक नमुना भेटला. एका कचेरीच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत एक वकील. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट म्हणजे, अडकलेल्या माणसाला आधी आवाज द्यायचा, हत्यारं मग काढायची. माणूस आत अंधारात उभा असतो. आपण वर कितीही खटपट करत असलो तरी त्याला ते दिसत नाही. त्याला फक्त कळतं की कोणी बोलत नाहीये.

तर मी वरच्या मजल्याचं दार थोडं उघडून हाक दिली, "साहेब, मी आलोय. दाराला हात लावू नका." वकिलाने जी सुरुवात केली ती माझ्या सात पिढ्यांपर्यंत गेली. मी नालायक, माझी कंपनी नालायक, मी वर बसून मजा बघतोय, मला माणसांची किंमत नाही. मी "हो साहेब, ऐकतोय साहेब" म्हणत ब्रेक सोडायच्या मागे. चौकीदाराला माझाच राग आला. म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही ऐकून कसं घेता?" मी त्याला सांगितलं, शिव्या देतोय तोवर काळजी नाही. कोणीतरी ऐकतंय हे त्याला माहीत आहे, म्हणून तर देतोय. गप्प झाला की मग घाबरायचं.

वकील बाहेर आला तो घामाने भिजलेला. माझा हात धरून उभा राहिला, सोडेचना. थँक्यू वगैरे काही म्हणाला नाही. चांगला माणूस असावा.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

वाचेच्या बाईंकडे गेलो होतो. तरुण आहेत, पण कामात पक्क्या. त्यांनी विचारलं, "घरी गाणी म्हणता का?" मी म्हटलं, नाही. "आधी म्हणायच्या?" म्हटलं, म्हणायची. बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मग हे तुम्ही इतके दिवस सांगितलं का नाहीत?" अशा काही आवाजात विचारलं की मी शाळेत उभा आहे असं वाटलं.

त्यांचं म्हणणं असं की बोलणं डोक्याच्या ज्या बाजूला असतं, गाणं सगळंच्या सगळं तिथे नसतं. बोलता न येणारी माणसं कधी कधी पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतात. सगळ्यांना जमतंच असं नाही. पण ओळखीचं, लहानपणापासूनचं गाणं हवं. "कोणती गाणी यायची त्यांना?"

हिला एकाच प्रकारची गाणी यायची. ही शेजारी बसून माझ्याकडे टक लावून बघत होती आणि डाव्या हाताने माझी बाही ओढत होती. "तेच. तेच. तेच."

घरी येऊन मी रेडिओ लावला. सिनेमातली छान गाणी लागली होती. तिने उठून, पाय ओढत जाऊन बंद केला. मग मीच साबणाच्या जाहिरातीचं गाणं म्हणून बघितलं. तिने कानावर हात ठेवला. एकच कान झाकता येतो तिला आता, दुसरा उशीत खुपसला.

ती गाणी मी म्हणणार नाही. मला काही लाज नाही का? ज्याने तोंडातला आवाज काढून घेतला, त्याचीच स्तुती करायची, आणि ती केली की आवाज परत मिळेल म्हणे. याला माझ्या भाषेत नाक दाबून तोंड उघडणं म्हणतात. हा असला सौदा तुला शोभतो का? एवढं मोठं आकाश घेऊन बसलास आणि एका बाईच्या चार ओळींसाठी अडून राहिलास?

हे वरचं कोणासाठी लिहिलं ते मला माहीत नाही. खोडायला हवं. उद्या खोडतो.

रविवार, २४ फेब्रुवारी

मेहुणी आली होती. हिची धाकटी बहीण. पाटीबिटी ती वाचत नाही, सरळ आत येते. उपासनेहून येत होती. हिच्या गालाला गाल लावला आणि मग मला म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला एक सांगायचंय. बरं वाटेल तुम्हाला."

तिने सांगितलं ते असं. पाळकांनी, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांनी, सुरुवातीला विचारलं होतं, पहिली ओळ आता कोण उचलणार. कोणीच उभं राहिलं नाही. तेव्हापासून दर रविवारी गीताचा क्रमांक सांगतात, आणि पहिल्या ओळीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ सगळे गप्प बसतात. मग दुसऱ्या ओळीला उभे राहून गातात. "ताईची जागा आहे ती," म्हणाली. "कोणी घेतली नाही. घेणारही नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सगळ्यांनी मिळून गप्प राहणं कोणासाठी असतं, माहीत आहे ना? मेलेल्यांसाठी असतं. ती बघ, समोर बसलीय. साडी नेसून बसलीय. तुम्ही दर रविवारी तिला पुरता, आणि मला येऊन सांगता की बरं वाटेल?"

धाकटीचे डोळे भरले, पण ती काही कमी नाही, शेवटी हिचीच बहीण. "मग येऊन सांगा ना त्यांना. घरात बसून कोणावर ओरडताय?"

"ओरडायचंय त्याच्यावर ओरडतोय."

"तो ऐकतोय असं वाटतंय तर मग बोलायला काय हरकत आहे?"

"अबोला आहे माझा."

"भाऊजी," ती पिशवी उचलत म्हणाली, "असला मोठ्या आवाजातला अबोला मी बघितला नव्हता."

ती गेल्यावर बघतो तर ही हसत होती. डाव्या बाजूनेच, अर्धं. झटका आल्यापासून पहिल्यांदा. बहिणीला बघून आनंद झाला असेल.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. आज एका दाराची पट्टी उलटी बसवली आणि सगळं परत काढावं लागलं. डोक्यात एकच चाललंय, की ती गप्प ओळ. माणसं भरलेली खोली, आणि कोणी तोंड उघडत नाही. तुझ्या घरात तुझ्यासारखीच माणसं जमतात म्हणायची. सगळे मूग गिळून.

मी रविवारी जाणार आहे. उपासनेला नाही. सांगायला. एक तर दुसऱ्या कोणाला ती ओळ द्या, नाही तर ते गीतच बंद करा, पण माझ्या जिवंत बायकोसाठी गप्प बसायचं नाही. हिला घरी एकटीला ठेवता येणार नाही, मी कामावर असताना बसणारी शेजारीण रविवारी नसते, त्यामुळे नेतोय. दारात पायऱ्या आहेत, उचलून नेईन. मला कोणाची मदत नकोय, तुझी तर अजिबात नको.

रविवार, ३ मार्च

जसं घडलं तसं लिहितो.

हिला सांगितलं, आपण जातोय. निळी साडी. या खेपेला दोनदा बोट दाखवायला लागलं नाही. रिक्षातून उतरलो आणि मी दवाखान्यातून आणलेली चाकांची खुर्ची धरून पायऱ्यांकडे बघतो तर पायऱ्यांच्या एका बाजूला लाकडी उतार बांधलेला. नवा नाही. लाकूड उन्हाने फिकं पडलेलं, खिळ्यांना गंज चढलेला. दारात उभा असलेला म्हातारा सुतार म्हणाला, "मिस्त्री, दवाखान्यातून घरी आणलंत त्याच आठवड्यात बांधला. म्हटलं, येतील."

मी त्याला काय म्हणावं? मी म्हटलं, "उतार फार आहे. खुर्ची मागे घसरेल." आणि होताच फार. कोणी मापच घेतलं नव्हतं. मी चिडून ढकलत होतो, सुतार मागून लावत होता, आणि ही वर तोंड करून राणीसारखी बसलेली. आत गेलो तर आमची जागा रिकामी. लोकांनी बघितलं, पण कोणी धावून आलं नाही, कोणी हात धरून रडलं नाही. धाकटीने सगळ्यांना दम दिला असावा.

पाळकांना मी उपासनेआधी गाठणार होतो, पण उशीर झाला होता, ते उभे राहिले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग गीताचा क्रमांक सांगितला. हिचंच गीत. हिच्या आईचं. 'अंधार असो, तू हाक दे, ओळखीन मी आवाज.'

आणि सगळे गप्प.

मला वाटलं होतं, ही शांतता छोटी असेल. नव्हती. माना खाली, पंख्याचा आवाज, कोणाची तरी खुर्ची करकरली. आणि शेजारी ही. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाज नाही. दोन मजल्यांच्या मधे अडकलेला माणूस मी रोज बघतो. मी तिचा नवरा, आणि हे मला इतक्या महिन्यांत दिसलं नव्हतं. आत होती ती, आणि वरून कोणीही आवाज देत नव्हतं. मी पण नाही.

मग माझं डोकं फिरलं. मला काही गायचं नव्हतं. मला फक्त ती शांतता फोडायची होती, एखादी काच असती तर तिच्यावर दगड मारला असता. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "अंधार असो," आणि जो सूर लागला तो लागला. वर चढला तो खाली येईना. "तू हाक दे" म्हणेपर्यंत आवाज फाटला. पुढच्या रांगेतलं पोर दचकून मागे वळलं. मी थांबलो नाही. चुकीचाच सूर, पण पुढे रेटला. जन्मात कधी एवढा बेसूर झालो नव्हतो.

माझ्या बाजूला तिचं उजवं कोपर होतं. ते हलत नाही. तिने डावा हात आडवा घातला, माझी कॉलर पकडली आणि मला खाली ओढलं, गच्च, श्वास अडकेल इतकं. तोंडावर असा राग, की मी तो राग विसरूनच गेलो होतो. आणि ती गायली.

"अंधार असो, तू हाक दे, ओळखीन मी आवाज."

सगळी ओळ. सगळे शब्द. आवाज जाड झालाय, उजवीकडून हवा सुटते, 'ओळखीन'मधला 'ळ' लागला नाही. पण सूर तिचा. मला दाखवत होती ती, हे असं म्हणतात, मूर्खा, हे असं. ओळ संपली तरी कॉलर सोडली नाही.

दुसरी ओळ यायची होती. आधी एकटा सुतार उभा राहिला आणि त्याने सुरुवात केली, मग बाकीचे. पाळकांनी गायलंच नाही, ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगायचं राहून गेलं.

सोमवार, ४ मार्च

सकाळी उठल्याबरोबर मी म्हटलं, "काय गं, चहा?" ती म्हणाली, "तेच."

तेच. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवर मूठ मारली. काल दिलंस आणि आज परत काढून घेतलंस? ही काय चेष्टा आहे? भोवरा फिरवतात तसं फिरवतोयस माणसाला. दुपारी त्या तिघी बायका पाटी असतानाही आल्या, चमत्कार झाला म्हणाल्या, पुढच्या रविवारी साक्ष द्या म्हणाल्या. मी विचारलं, कसली साक्ष देऊ? माझा आवाज इतका वाईट आहे की मुकी बाई पण सहन करू शकत नाही, ही?

एक जण हसली. मग मीही हसलो, पण राग गेलेला नाही.

बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, असंच होतं. गाणं एक दार आहे, बोलणं दुसरं. आता पहिल्या दारातून साधे शब्द बाहेर काढायला शिकायचं. त्याच चालीवर रोजच्या गोष्टी म्हणायच्या, हाताने ताल धरून, हळूहळू. महिने लागतील. सगळं परत येईलच असं नाही. हे "असं नाही" त्यांनी दोनदा सांगितलं. मला त्यांचा राग आला नाही. निदान खरं बोलतात.

बुधवार, ६ मार्च

आज संध्याकाळी बाईंनी सांगितलं तसं बसलो. हिचा डावा हात माझ्या हातात, टेबलावर ताल. मी त्या गीताच्या चालीवर, म्हणजे मला चाल वाटते तिच्यावर, म्हणालो, "पाणी हवं, चहा हवा." तिने कपाळावर आठ्या घातल्या. हात सोडवून घेतला आणि कपाटावर बोट दाखवलं.

मी सवयीने औषधाचा डबा काढला.

तिने डोळे मिटले. मोठा श्वास घेतला. आणि त्या पहिल्या ओळीच्या चालीवर, अडखळत, एकेक शब्द उचलत म्हणाली, "पु... पुस्तक. पुस्तक... हवं... होतं."

मी डबा हातात धरून उभा. डब्यामागे ते पुस्तक पडलं होतं, मी टाकलं तसं, उलटं. तो रविवार आठवला, ती साडी, त्या घरभर सांडलेल्या गोळ्या. वारांचा गोंधळ तिचा नव्हता. तिला रविवार बरोबर कळत होता. ती मागत होती आणि मी तिला गोळ्या देत होतो.

पुस्तक पुसून दिलं. मी म्हटलं, "चुकलो." तिने माझ्याकडे बघितलं आणि चालीबिलीशिवाय, साधंच, म्हणाली, "तेच."

मी मुलासारखा रडलो. ती डाव्या हाताने पानं उलटत राहिली, रडू दिलं मला. दारावरची पाटी काढून टाकली.

शनिवार, ९ मार्च

आज सुट्टी घेऊन तो उतार तोडला आणि नवा बांधला. सुतार आणि मी. पहिला चुकलाच होता, माप न घेता नुसत्या मायेने बांधलं की असं होतं, हे मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही येऊन सांगेपर्यंत माप कोणाचं घेणार?" मी पुढची फळी उचलली. आता खुर्ची एका हाताने वर जाते.

पाळक चहा घेऊन आले होते. मला वाटलं, आता उपदेश येणार. त्यांनी कप ठेवला आणि खिळे धरून दिले. जाताना विचारलं, "उद्या पहिली ओळ?" ती खुर्चीत बसून सगळं बघत होती. तिने मान डोलावली.

आजचे शब्द, बाईंसाठी: पुस्तक. पाणी. चहा गार (चालीवर). धाकटीला बघून "ये" (चालीशिवाय!). मला उद्देशून एक शब्द, जो मी इथे लिहिणार नाही, पण उच्चार अगदी स्पष्ट होता.

आणि तुझ्यासाठी. माझा राग गेला असं समजू नकोस. चार महिने काय म्हणून घेतलेस, याचं उत्तर तू दिलेलं नाहीस, आणि बायका सांगतात त्यातलं एकही मला पटत नाही. तेव्हा मी काही प्रार्थना वगैरे करत नाहीये. अबोला चालूच आहे. फक्त कळवून ठेवतो की उद्या सगळ्यांसमोर ती एकटी गाणार, मी बाजूला तोंड बंद करून बसणार. ओळ मधेच अडकली तर नुसता वर बसून खटपट करू नकोस. तिला ते दिसत नाही. आधी आवाज दे, हत्यारं मग काढ.